लेमूर मादी आधी खाते

काल टीव्हीवर मादागास्कर बेटावरचे लेमूर नावाचे माकडासारखे प्राणी दाखवले. फार पूर्वी पुरात वाहत्या झाडांना धरून मोजकेच त्या बेटाला लागले म्हणे, आणि त्यांच्यापासूनच इतक्या जाती झाल्या. एक उंदराएवढी, एक पट्टेरी शेपटीची, एक दोन पायांवर उड्या मारत जाणारी. रूपं सगळी वेगळी, पण बहुतेक जातींत मादी आधी खाते. नर पुढे आला तर ती त्याला चापट मारते.

आमचे हे जेवता जेवता हसले. "बघ, बायकांचं राज्य! जातेस का तिकडं?"

सून दाराशी उभी होती. तिला सातवा महिना आहे. पोटातलं बाळ वाढत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. पण आमच्यात पुरुष उठल्याशिवाय बाईनं ताट घ्यायचं नसतं.

मी धीर करून विचारलं, "तिला वाढू का?"

"पळून चाललंय का जेवण?" म्हणत ह्यांनी आणखी भाकरी मागितली.

त्या झाडावरून वाहत आलेल्या पहिल्या मादीच्या पोटातही पिल्लू असेल. तिच्या लेकींना आधी खायला मिळेपर्यंत किती पिढ्या गेल्या असतील? आमच्या बाळाला तेवढा वेळ नाही.

टोपलीतली शेवटची भाकरी मी ह्यांच्या ताटात वाढली.