अख्खा तेरावा अध्याय

सायली गावातल्या आमच्या चर्चमध्ये मी वीस वर्षं पंच आहे. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण वचनं तोंडपाठ. वाचून नव्हे, ऐकून शिकलो. हे मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायबल, म्हणजे आमचं शास्त्र, काखेत असलं की लोक वाचता येतं असं धरूनच चालतात.

सरपंचाची निवडणूक आली. मी चालू सरपंचाच्या बाजूने. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, तेराव्या अध्यायात स्वच्छ आहे, सत्तेवरचा माणूस देवाने बसवलेला असतो. त्याला उठवणारे आपण कोण?

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, याच्या आधीच्याला पाडा म्हणत तुम्हीच फिरत होता ना? त्याला काय देवाने नव्हतं बसवलं?"

"त्याला परीक्षा म्हणून बसवलं होतं."

माझा साडू निवृत्त कारकून, विरोधी उमेदवाराचा माणूस. त्याने शमुवेलाचं पुस्तक काढलं. लोकांनी राजा मागितला तेव्हा देवाला ते आवडलं नव्हतं म्हणे, मग सत्तेवरचा प्रत्येक जण देवाच्या मनातला कसा? दर रविवारी भक्ती झाली की आमचं सुरू. चहा थंड व्हायचा, आम्ही नाही. अर्धी मंडळी त्याच्याकडे, अर्धी माझ्याकडे.

शेवटी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, वैतागले. "यापुढे मतासाठी जो वचन काढेल, त्याने उभं राहून तो अध्याय पूर्ण वाचायचा. शास्त्र म्हणजे काय चणेफुटाणे आहेत, वेचून खायला?"

साडू माझ्याकडे बघून हसला. "चला दादा, तुमचा तेरावा होऊन जाऊ दे."

आज वीस वर्षांची अब्रू जाणार.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो.

त्याने स्वतःचा काढून दिला. "घ्या, नंबर एकच आहे आपला."

खाली बसलो असतो तर विषय संपला असता. पण मी बसणाऱ्यातला नाही. पहिलं वचन पाठ होतं, ते धाडधाड गेलं. पुढचं पाठ नव्हतं, कारण त्याचं कधी कामच पडलं नव्हतं. मग बोट ठेवून एकेक अक्षर लावत सुटलो. जोडाक्षराला अडलो की बायकांच्या बाजूने बायको शब्द सांगायची. "मला येतंय," म्हणायचो आणि तोच वाचायचो. कारखान्यात दुपारच्या पाळीला जाणारे घड्याळ बघायला लागले.

"राहू द्या दादा, कळलं," साडू म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

मग शेजाऱ्यावर प्रीती करा असं आलं. त्याच्यापुढे भांडण नको, हेवा नको. खरं सांगतो, हे याच अध्यायात आहे याचा मला पत्ताच नव्हता.

"हे कोणासाठी हो?" साडूने खालून विचारलं.

"ऐकणाऱ्यासाठी. वाचणाऱ्याला वाचायचंच काम पुरे असतं."

सगळे हसले. अध्याय संपला तेव्हा घामाने सदरा भिजला होता. खानवेल गावची एक म्हातारी उठून म्हणाली, "पाळकसाहेब भरभर वाचतात, काय बी कळत नाय. याचं कळलं." पाळकसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

बाहेर साडूने गाठलं. "दादा, तुम्हाला वाचता येत नाही."

"येतं. सावकाश येतं."

पुढच्या रविवारी तो शमुवेल घेऊन उठला, तर मंडळीने हात जोडून त्याला खाली बसवलं. मला पंचातून काढायचा विषय कोणी काढला नाही. मत मी चालू सरपंचालाच दिलं. सध्या अंगणात बसून चौदावा लावतोय. निवडणूक पुन्हा येणारच, आत काय आहे ते आधी बघून ठेवलेलं बरं.