सहा वीसचा फोन

बायको किती वाजता काय करते हे पाहावंसं चंद्रहास लोवलेकरांना बावीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. मधुमतीने शेवटी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. तिने केलं ते बरोबर की चूक, यावर लखनौच्या महाराष्ट्र मंडळात अजून दोन तट आहेत. मी कोणत्या बाजूचा ते पुढे कळेलच.

मधुमती मूळची रत्नागिरीजवळच्या पावसची. वडिलांची हापूसची पंधरा कलमं होती. देठ पाहून आंबा कधी उतरवायचा, चीक कसा जाऊ द्यायचा, आढी कशी लावायची, हे तिला परकराच्या वयापासून ठाऊक. पुढे ती बी.कॉम. झाली, बँकेची परीक्षा पास झाली आणि नेमणुकीचं पत्र यायच्या आत लग्न होऊन लखनौला आली. पत्र मागाहून आलं. चंद्रहासने ते वाचलं, "आता काय उपयोग," म्हणाला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर कसलंसं गणित सोडवलं. ही गोष्ट ती विसरली नाही. विसरायचा प्रयत्नही तिने कधी केला नाही.

चंद्रहास सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. निशातगंजला पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, बैठकीत फोन आणि स्वयंपाकघरात त्याच लाइनीचा दुसरा फोन. हा दुसरा फोन त्याने एवढ्याचसाठी घेतला होता की त्याचा फोन आला तर तिने उचलून निरोप लिहून ठेवावा.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये मंडळाची सहल जवळच्या मलिहाबादला, आंब्याच्या बागेत गेली. दशहरीला मधुमती आंबा मानायला तयार नव्हती. गोड आहे, रसाळ आहे, पण आंबा नाही, असं तिचं मत होतं. तरी ती गेली. बागेच्या कचेरीत मालक नफीस खाँ फोनवर वाशीच्या व्यापाऱ्याशी भांडत होते. हापूस संपला की मुंबईला दशहरी लागतो, तो खाँसाहेब पाठवायचे. दोघंही इतके तापले होते की कोणाचंच कोणाला ऐकू जात नव्हतं. मधुमतीने हात पुढे केला आणि रिसीव्हर मागून घेतला. व्यापाऱ्याचं नाव शशिकांत, माणूस जुन्नरचा. त्याला पाडाचा माल नको होता, कडक हवा होता, आणि खालच्या थरात गवत जास्त हवं होतं. चार मिनिटांत सगळं मिटलं.

"बहनजी, आप ही सँभालिए इन्हें," खाँसाहेब म्हणाले. "हमारी तो उम्र कम हो रही है."

म्हणून नव्व्याण्णवच्या हंगामात हे काम तिच्याकडे आलं. शशिकांतने रोज संध्याकाळी सहा वीसला तिला फोन करायचा, उद्या किती पेट्या आणि कसला माल ते सांगायचं. तिने ते मलिहाबादला कळवायचं. तिथे पहाटे चारला तोडणी सुरू होई. शशिकांतचा बाजारही पहाटेचा, त्यामुळे तो सातला झोपायचा. सहा वीसला दोनदा-तीनदा लावून पाहायचा, नाही लागला तर सोडून द्यायचा. म्हणजे फोन चुकला की बागेत माणसं अंदाजाने तोडणार, आणि दशहरी काही कोणासाठी थांबत नाही. काम सहाच आठवड्यांचं होतं. पण पहिल्या आठवड्याच्या पैशांच्या पाकिटावर खाँसाहेबांच्या मुनीमाने 'मधुमती लोवलेकर' एवढंच लिहिलं होतं, आणि तिचं नाव असं एकटं कागदावर आल्याला बावीस वर्षं झाली होती.

त्याच उन्हाळ्यात चंद्रहासने घरी कॉम्प्युटर घेतला. संस्थेच्या कॉम्प्युटर विभागातल्या कोणीतरी भर मीटिंगमध्ये "लोवलेकर साहब, लिनक्स आपके बस का नहीं," म्हटलं होतं. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून त्याने ती प्रणाली घरच्या मशीनवर चढवली खरी, पण त्याला हवं ते चालेना. त्याला लागणारी पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रामांचे गठ्ठे, इंटरनेटवरून उतरवायची होती. एक पॅकेज उतरवलं की ते म्हणे, मला आधी दुसरं पाहिजे. दुसरं आणलं की त्याला आणखी तीन. लग्नाचं आमंत्रण एकाला द्यावं आणि त्याने मामे-चुलते घेऊन यावं, तसला प्रकार.

आणि हे सगळं फोनच्या तारेवरून. मॉडेम कुईं-कुईं करत जोडला गेला की तो सुटेपर्यंत बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज टोन. चंद्रहास साडेपाचला घरी येई, पावणेसहाला लाइन जोडी. सातनंतर सगळं शहर इंटरनेटवर तुटून पडे, नंबर लागत नसे, आणि नऊला तो झोपे. म्हणजे त्यालाही नेमका तोच तास हवा होता.

मधुमतीने विचारलं नाही असं नाही. पहिल्याच दिवशी विचारलं. "सहा वीस ते साडेसहा, दहा मिनिटं फोन मोकळा ठेवाल?"

"कशाला?"

"वाशीहून फोन येतो. मलिहाबादच्या कामाचा."

त्याने मानही वर केली नाही. "आंब्याच्या दलालासाठी मी डाउनलोड तोडू? मी इथे पत्ते खेळतोय का?"

दोन दिवस फोन चुकला. तिसऱ्या दिवशी नफीस खाँचा सकाळी फोन आला. तीनशे पेट्या जास्तीच्या तोडल्या गेल्या होत्या आणि गोदामात पिवळ्या पडत होत्या. आवाज त्यांनी जराही चढवला नाही. "कोई बात नहीं बहनजी. आप घर-गृहस्थी वाली हैं, मजबूरी होगी. एक-दो रोज़ और देख लेते हैं, फिर किसी और को कह देंगे." ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातला फोन उचलला. मॉडेम चालू आहे हे तिला माहीत होतं. फक्त लाइनीवर काय चाललंय ते ऐकावं, एवढंच मनात होतं. कानात कर्कश किंचाळी आली, मग एकदम शांतता, आणि बैठकीतून चंद्रहासचा आवाज, "गेलं! सव्वाचार एमबी झालं होतं!" तिने रिसीव्हर अलगद खाली ठेवला. चंद्रहास टेबलाखाली शिरला, तारा ओढल्या, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. या सगळ्याला सतरा मिनिटं लागली. सातव्या मिनिटाला फोनची घंटी वाजली.

"आंबेवाल्यांना बरी लाइन मिळते," टेबलाखालून चंद्रहास म्हणाला.

"नशीब त्यांचं," मधुमती म्हणाली आणि चारशे पेट्या, कडक, असं लिहून घेतलं. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट कितीतरी वर्षांनी मनापासून आनंद झाला, आणि तो तिने भाजीला फोडणी देताना पुन्हा पुन्हा घोळवला.

मग ते रोजचंच झालं. सहा एकोणीसला ती गॅस बारीक करी, रिसीव्हर उचले, तीन मोजून ठेवी.

चंद्रहास शास्त्रज्ञ होता, तो गप्प बसणार नव्हता. त्याने वही केली. तारीख, वेळ, किती एमबीवर तुटलं, हवामान. एका वेळी एकच कारण तपासायचं, ही त्याची पद्धत. आधी त्याने तार बदलली. मग मॉडेम बदलून आणला. मग मॉडेमला दिली जाणारी आज्ञा बदलली, वेग कमी करून पाहिला, दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरून तेच पॅकेज मागवलं. तुटलं की अर्धवट फाइल पुढे चालू करता येते असं त्याने वाचलं होतं, पण तो सर्व्हर मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरू करायला लावी. आठव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की लाइन रोज सहा एकोणीसलाच तुटते, आणि त्याचा चेहरा उजळला.

"पंप!" त्याने जाहीर केलं. खालच्या मजल्यावरचे श्रीवास्तव त्याच सुमाराला पाण्याचा पंप लावत. चंद्रहास खाली जाऊन त्यांना नको नको ते बोलून आला. श्रीवास्तव भला माणूस. "आप कहें तो एक रोज़ बंद रखते हैं, भाई साहब," म्हणाले आणि खरोखरच बंद ठेवला. घरात त्यांची आजारी आई, बादल्या रिकाम्या. मधुमती त्या दिवशी फोनसमोर उभी राहिली. आज उचलला नाही, तर श्रीवास्तव कायमचे गुन्हेगार ठरतील आणि शशिकांतचा फोनही जाईल. तिने उचलला, आणि तीनऐवजी दहा मोजले.

"पंप नाही," चंद्रहासने वहीत लिहिलं. श्रीवास्तवांची माफी मागायला मात्र तो गेला नाही. मधुमती दुसऱ्या दिवशी वाटीभर आंबा-डाळ घेऊन गेली.

विसाव्या दिवशी लाइनमन आला. सतीश त्याचं नाव. खांबावर चढला, खाली उतरला, आपला फोन तारेला लावून ऐकलं, आणि बैठकीत येऊन म्हणाला, "साहब, लाइन एकदम साफ है. अंदर से कोई फोन उठाता होगा."

मधुमती चहा घेऊन दारात आली होती.

चंद्रहास हसला. खोटं नव्हे, अगदी सहज हसला. "अंदर कौन उठाएगा? अंदर तो कोई है ही नहीं. बस मिसेज हैं."

सतीशने कप घेताना तिच्याकडे पाहिलं. तो रोज पन्नास घरांत शिरणारा माणूस, त्याला काय ते समजलं. मधुमतीने ट्रे टेबलावर ठेवला. तीन आठवडे तिला वाटत होतं की आपण चोरी करतोय, फार सांभाळून करतोय. सांभाळायची गरजच नव्हती. ती दिवसाढवळ्या त्याच्यासमोर उचलत असती, तरी तो पंपाकडेच पाहत बसला असता.

"फिर भी किचन वाला काट दो," चंद्रहास म्हणाला. "लोड कम होगा."

सतीश तिच्याकडे वळला. "काट दें, बहनजी?"

"काट दीजिए," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चंद्रहासचं शेवटचं पॅकेज उतरत होतं, सगळ्यांत मोठं. सहाला तो म्हणाला, "बघ, तासभर तरी आज तुटत नाही." सहा दहाला तो शीळ घालत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोनच्या जागी दोन उघड्या तारा होत्या, त्यांच्याकडे मधुमतीने एकदा पाहिलं, हात पुसले आणि आपली वही-पेन्सिल घेऊन बैठकीत आली.

"फोन हवाय," ती म्हणाली.

"ऐंशी टक्के झालंय. थांब."

"सहा एकोणीस झालेत."

"म्हटलं ना थांब. चहा टाक तोवर."

ती त्याच्या खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेली, मॉडेममधली तार खेचली आणि ती फोनला लावली. पडद्यावरचा आकडा थांबला. चंद्रहासला आधी काहीच कळलं नाही. तो सवयीने टेबलाखाली वाकला, तिथे त्याला तिचे पाय दिसले, आणि मग कळलं. तो उभा राहिला. चेहरा लाल, हात पसरलेले. बोलायला लागला तो थांबेना. अक्कल, संस्कार, तिच्या माहेरचं घराणं, वीस दिवस, अकरा एमबी, सगळं एका दमात. ती मान खाली घालून फोनकडे पाहत राहिली. घंटी वाजायला दोन मिनिटं लागली. इतकी लांब दोन मिनिटं तिने आयुष्यात काढली नव्हती.

वाजली. तिने उचलला.

"ताई, शशिकांत. उद्या साडेचारशे लावा," पलीकडून आवाज आला. मग तो थांबला. "कोण ओरडतंय हो तिकडं?"

"आमचे मिस्टर. त्यांचं काहीतरी तुटलंय," मधुमती म्हणाली आणि पेन्सिल कागदावर टेकवली. "तुम्ही बोला. माल कडक हवाय की पाडाचा?"