झाकण बंद असतानाचा उजेड

देवळाली प्रवऱ्याहून सकाळच्या एसटीने निघाले ते नातीकडे, श्रीगोंद्याला. विद्या तिथल्या कॉलेजात तात्पुरती शिकवते. फोनवर एवढंच म्हणाली, "आजी, माझं काम खोटं निघालं."

मी चौथी शिकलेली, पण तिचं काम मला ठाऊक होतं. सूर्याकडून कणांचा वारा सुटतो. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला अडवतं. तिथल्या विरळ हवेशी तो भिडला की क्ष-किरणांचा मंद उजेड पडतो. अवकाशातल्या दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत विद्या पाच वर्षं तो शोधत होती. सापडला म्हणून लेख पाठवला. तो छापून आला की नोकरी कायम होणार होती.

नगरच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती. बस तासभर जागेवर. बायका वाढं (उसाचे हिरवे शेंडे) ओढून नेत होत्या. शेजारणीने विचारलं, "नातीचं बाळंतपण हाय का, मावशी?"

"न्हाई. नोकरी जायची हाय तिची."



नगरच्या स्टँडवर भेळ घेतली. शेंगदाणे खवट होते. दुसरी बस मिळाली, पुढं बराच वेळ कोरडं रान, मग पुन्हा ऊस.

पोचले तर विद्याने लावलेला भात करपला होता. तोच खाल्ला. मग तिने कॉम्प्युटर उघडला. दुर्बिणीचं झाकण बंद असतानाच्या नोंदी आधीच बाजूला टाकायची त्यांच्यात रीत आहे. उजेडच आत येत नाही, तर बघायचं काय? मागच्या आठवड्यात तिने त्या उघडून पाहिल्या. झाकण बंद, तरी आकडे झाकण उघडं असतानासारखेच चढलेले. म्हणजे तो उजेड नव्हता. जोरदार कण झाकणातून पार होऊन यंत्रावर आदळत होते.

तिच्या सरांनी सांगितलं होतं, गप्प राहा, त्या नोंदी कोण उघडतंय.

"तू काय म्हणतेस, आजी?"

"तू उघडल्यास न्हवं? मग मला कशाला इचारतीस?"

ती रडली. मी भांडी घासली. संध्याकाळच्या आत तिने लेख मागे घेतल्याचं पत्र पाठवलं, कॉलेजातही कळवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून निरोप आला, जूनपासून दुसरं माणूस घेणार आहेत. तिने मला स्टँडवर सोडलं.

तो उजेड खरा आहे, विद्या म्हणते. दुसऱ्यांनी पाहिलाय. तिला सापडला नाही, एवढंच.

लहानपणी खोटं बोलली म्हणून मी तिला उलथन्याने मारलं होतं. नगर येईपर्यंत तेच आठवत होतं. मारलं नसतं तर आज गप्प राहिली असती, नोकरी टिकली असती, असं मनात आलं.