बारा तारखेचा नमुना

दर तीन महिन्यांनी सकाळी सातच्या ठोक्याला ती माझ्या रक्ताचा नमुना घ्यायला दारात उभी राहते. एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्या हातात सुया आणि काचेच्या नळ्या. लॅबमध्ये तिला सगळे ‘डास’ म्हणतात. चावल्याचं कळतसुद्धा नाही, म्हणून. शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. पहिल्या पाचांत कधी आली नाही, पण उत्तर बरोबर आलं तरी “बाई, पण ते असंच का आलं?” म्हणून मधल्या सुट्टीत माझ्या मागे लागायची.

गेल्या खेपेला आली ती जरा उतरलेल्या चेहऱ्याने. ती भाड्याने राहते त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या घरमालक विकायला निघाले होते. “तू घेणार असशील तर महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढे मात्र दुसरं गिऱ्हाईक तयार आहे,” असं त्यांनी सांगितलेलं. सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही आणि दुसरा तळमजला परवडण्यातला नाही. गृहकर्ज हवं तर बँकेला क्रेडिट स्कोअर साडेसातशेच्या वर हवा होता. हिचा सातशे बाराला अडून बसलेला.

“नवऱ्याच्या खांद्याच्या ऑपरेशनला वापरलेलं क्रेडिट कार्ड चौदा महिने फेडलं, बाई. शून्यावर आणलं. तेव्हा स्कोअर भराभर चढला. आता दोन महिने ढिम्म.”

“आणि दुसरं कार्ड?”

“त्यावर घरखर्च. पण बिल आलं की तीस तारखेच्या आत पूर्ण भरते. एक दिवस उशीर नाही. तरी क्रेडिट रिपोर्टात त्याच्यापुढे छत्तीस हजार बाकी! मर्यादा चाळीसची. म्हणजे मी गळ्यापर्यंत बुडालेली दिसते.”

तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. “उपाशीपोटी ना?”

मी खरं ते सांगितलं. “अर्धा कप चहा घेतला गं. साखर घातलेला.”

“बाई! मग रिपोर्टात साखर दिसणारच की. तुम्ही दिवसभर कितीही पथ्य पाळा, मी सुई टोचते त्या घटकेला रक्तात जे असेल तेच...”

ती थांबली. पट्टा माझ्या दंडाला तसाच आवळलेला. मग घाईने पिशवीतून क्रेडिट रिपोर्टाचा कागद काढून ती त्या कार्डाच्या ओळीवर बोट फिरवू लागली.

“छत्तीस हजार, तारीख बारा. बाई, बारा तारखेला बिल निघतं! ते इथे नमुना बाराला घेतात आणि मी पथ्य धरते तीसला!”

“आधी माझा पट्टा सोड,” मी म्हटलं.

त्या दिवशी पाच तारीख होती. कार्ड तिने घरी डब्यात टाकलं आणि नुकताच झालेला पगार दहा तारखेला जवळजवळ सगळाच त्या कार्डावर भरला. बिल अजून निघालेलंसुद्धा नव्हतं. नवरा हैराण.

“मुदत तीसची असताना आत्तापासून भरायला बँक काय तुझी मावशी लागते?”

नणंद तिथेच भाजी निवडत होती. ती म्हणाली, “दादा, वहिनी उधारी फेडत नाहीये, तिच्यावर प्रयोग करतेय.”

“करतेच आहे,” ही म्हणाली. “चुकला तर पुढच्या महिन्यात नव्या घरासाठी सामान बांधायचंय, एवढंच.”

बारा तारखेचं बिल अवघं दोन हजारांचं निघालं. तेरापासून कार्ड पुन्हा डब्याबाहेर आलं, कारण वाण्याकडे रोख द्यायला घरात काही उरलंच नव्हतं. ताजा रिपोर्ट सत्तावीसला यायचा होता. निकालाची उत्सुकता मलाही होती, म्हणून त्या दिवशी बँकेत मी तिच्याबरोबर गेले. कर्जाच्या टेबलावरच्या तरुण साहेबांनी स्क्रीन पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

“सातशे अठ्ठावन्न. एका महिन्यात? केलंत तरी काय?”

“उपाशीपोटी आले,” ती म्हणाली. साहेबांनी गोंधळून अर्ज पुढे सरकवला.

अर्ज भरून झाला. साहेब तो वरपासून खाली वाचत आले आणि एका ओळीवर अडले.

“ताई, इथे घोटाळा झालाय. सध्याचा पत्ता आणि घ्यायच्या घराचा पत्ता, दोन्ही ठिकाणी तुम्ही एकच लिहिलंय.”

“घोटाळा नाही, साहेब,” ती पेनाला टोपण लावत म्हणाली. “आम्हाला कुठे जायचंच नाहीये.”