टाकीमागची अंबाडी

अन्याय झाला तो आमच्या सोसायटीची बाग सांभाळणाऱ्या मावशींवर. वसुबारसेच्या सकाळी, साडेआठ वाजता, पाण्याच्या टाकीमागं. मी तिथंच उभी होते, म्हणून सांगते.

मावशी सोलापूरजवळच्या कुंभारीहून यायच्या. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. टाकीमागं कंबरेवर वाढलेली चार रोपं त्या दिवशी फुलली होती. फिकट पिवळं फूल, मधोमध गडद लाल डोळा. आमच्यातल्या कुणालाच नाव सांगता येईना. सेक्रेटरीकाकांनी फोटो काढला, तोही फुलाचा नाही, पानाचा. पाच लांब बोटांचं पान. मोबाईल म्हणाला, गांजा.

"काय गं, सोसायटीत गांजा पिकवतीस?"

"गांजा कुटला ओ साहेब? गोंगुरा हाय. तुमची अंबाडी. चावून बघा की, लई आंबट लागतंय."

"मी चावू? म्हणजे मलाच चढायची!"

सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाई, जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या, म्हणाल्या, "पान तसंच दिसतंय खरं." झालं, विज्ञानाचा शिक्का बसला.

मावशींनी पान तोडलं, चावलं, गिळलं. "बघा, उभी हाय न्हवं मी?"

"तुला सवय असेल," काका म्हणाले.

रोपं मावशींच्याच हातानं उपटायला लावली. देठाच्या बारीक काट्यांनी तळवे लाल झाले. मग वॉचमनला हुकूम सुटला : उद्यापासून हिला आत सोडायचं नाही.

आणि मी? मोर्चात घसा फोडणारी मी गप्प. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं आणि मी दोन पावलं मागं सरकले. मावशी गेल्यावर कचऱ्यातली एक फांदी उचलली, पान चावलं. आंबट. लहानपणापासून भाकरीबरोबर खात आलेय, तीच चव. आम्हाला अंबाडी माहीत ती मंडईतल्या जुडीत नाहीतर ताटात. फुललेली बघितलीय कुणी?

दुपारी ती फांदी घेऊन काकांकडं गेले. ते जेवत होते. ताटात भाकरी आणि लसणाची फोडणी घातलेली अंबाडी!

"काका, गांजा कसा झालाय?"

काकूंनी माझ्या हातातलं पान तोडून जिभेला लावलं. "अहो, अंबाडीच की ही!"

काकांनी मान वर केली नाही. "सोसायटीच्या ग्रुपवर गांजा म्हणून टाकून झालंय. आता मागं घेतलं तर कमिटीचं हसं होईल."

"होऊ दे की! मावशींचं झालं तेव्हा पोट धरून हसत होतात," मी म्हणाले.

दिवाळी उलटून गेली. मावशी शेजारच्या सोसायटीत काम मागायला गेल्या, तर वॉचमननं गेटवरूनच विचारलं, "गांजावाली तूच न्हवं?"

मी अर्ज लिहिलाय. कमिटीनं चूक कबूल करावी, ग्रुपवर तसं टाकावं, मावशींना कामावर परत घ्यावं. खाली दोन सह्या आहेत, एक माझी, एक काकूंची. अंबाडी तुमच्याही घरी शिजते. तेव्हा नुसतं हळहळू नका. पान चावा आणि तिसरी सही करा.