वाघबारशीला काय खाल्लं?

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. पालघरच्या न्यायालयात कोठडीच्या जाळीपाशी वाकून जयवंती मेहेर आतल्या माणसाला विचारत होत्या, "त्या दिवशी दुपारी काय खाल्लंत?"

आतला माणूस नवशा सांबर. वय चौतीस, राहणार मनोरच्या वरच्या डोंगरातला एक पाडा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत विजेची पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार होता. १७ ऑक्टोबरला पहिल्या पाळीत तिथल्या स्टोअरमधून बासष्ट किलो तांब्याच्या पट्ट्या नाहीशा झाल्या. गेटच्या नोंदीप्रमाणे नवशाचा पास सकाळी सहा बावन्नला आत गेला आणि दुपारी तीन चौदाला बाहेर आला. त्यानंतर चार दिवस, दिवाळीची रजा सांगून, तो कामावर फिरकला नाही. पोलिसांनी विचारलं, त्या दिवशी पाळीला होतास का? नवशा म्हणाला, होतो. ३ तारखेला त्याला अटक झाली.

जयवंती एक्केचाळीस वर्षांच्या आहेत. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचं काम पाहणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात त्या सरकारी मानधनावर वकील आहेत. आरोपीला न्यायाधीशांपुढे उभं करण्याआधी जाळीपाशी त्यांना दहा मिनिटं मिळतात, कधी सातच. एवढ्या वेळात "काय झालं ते सांगा" असं विचारून उपयोग नसतो, हे त्या अकरा वर्षांत शिकल्या. घाबरलेला माणूस पोलिसांना जे सांगितलं तेच परत म्हणतो, कारण ते त्याचं पाठ झालेलं असतं. जेवणाचं मात्र कुणी पाठ करून येत नाही. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न नेहमी जेवणाचा.

ही सवय घरची. समुद्रकाठच्या मुरबे गावी त्यांची आई हिराबाई बोंबील वाळवते आणि दारात आलेल्या प्रत्येकाला, मग तो मीटर वाचायला आलेला का असेना, आधी काय खाल्लं ते विचारते.

नवशा म्हणाला, "करांदं. नि सावेली."

करांदे म्हणजे वेलीला लागणारे कंद, उकडून खायचे. सावेली म्हणजे तांदळाच्या पिठात काकडी किसून पानात उकडलेली भाकर. दोन्ही पाड्यावरच्या दिवाळीचं खाणं. कारखान्याच्या कँटीनला शुक्रवारी उसळ-पाव असतो.

जयवंतींनी हातातल्या कागदावरची तारीख पुन्हा पाहिली. १७ ऑक्टोबर, वाघबारस. त्या दिवशी डोंगरातले पाडे वाघोबाच्या दगडापाशी जमतात, तिथेच रांधतात, तिथेच जेवतात. त्यांनी मान वर केली तेव्हा आपण काय बोलून बसलो ते नवशाच्याही लक्षात आलं होतं. तो म्हणाला, "मी काय केला नाय. मंग वकील कशाला?"

हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. बंदरावरच्या एका बोटीतून डिझेल चोरीला गेलं आणि त्यांच्या वडिलांना धरून नेलं. घरात ठरलं की आपण काही केलेलं नाही, तर वकील करायचा नाही. वकील केला तर गाव म्हणेल, काहीतरी असणारच. वडील सात आठवडे आत राहिले. डिझेल बोटमालकाच्या पुतण्यानेच विकलं होतं. ते कळलं तोवर मासेमारीचा हंगाम उतरला होता आणि वडिलांची बोटीवरची जागा दुसऱ्याला गेली होती. त्यानंतर ते कुणाच्या बोटीवर गेले नाहीत. जाळी विणत राहिले.

"तुम्ही केलं नाही हे तुम्हाला माहीत आहे," जयवंती नवशाला म्हणाल्या. "इथे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही."

त्या दिवशी त्याला दोन दिवसांची पोलीस कोठडी झाली. मग न्यायालयीन कोठडी, ठाण्याचं कारागृह. तांबं सापडलं नाही.

शनिवारी जयवंती ठाण्याला जाऊन नवशाला भेटल्या. आपल्याला समजलं ते त्यांनी त्याच्यापुढे ठेवलं: तुम्ही त्या दिवशी पाड्यावर होतात, तुमचा पास घेऊन दुसरं कुणी कामावर गेलं होतं. कंत्राटी कामगारांत हे नवं नाही. एक दिवस न सांगता खाडा झाला तर मुकादम ती जागा दुसऱ्याला देतो. म्हणून घरात लग्न, मयत, सण असला की भाऊ, मेहुणा, शेजारी, कुणीतरी पास गळ्यात अडकवून जातो. याला बदली म्हणतात. मुकादमाला माणूस मोजून मिळाल्याशी काम. पासवरचा फोटो इतका पुसट असतो की त्यात कुणीही बसतं.

नवशा एवढंच म्हणाला, "प्रदीप आत येल ना मंग. त्याचा अजून लगीन नाय."

प्रदीप हा नवशाच्या बायकोचा, नवसीचा धाकटा भाऊ. यंदा वाघोबाच्या कोंबड्याचा मान नवशाच्या घराकडे होता. तो पाळीपाळीने येतो. ज्याच्या घरचा कोंबडा, त्या घरच्या कर्त्याने दगडापाशी उभं राहायचं, त्याला बदली चालत नाही. कारखान्यात चालते. म्हणून प्रदीप सण सोडून मेहुण्याच्या पासवर गेला.

जयवंतींनी मग कॅमेऱ्याचं सांगितलं. गेटवर कॅमेरा आहे. सकाळी पास दाखवताना प्रत्येकाचा चेहरा त्यात येतो, आणि सुटताना रखवालदार टेबलावर प्रत्येकाची पिशवी उघडतो, तेही येतं. पोलिसांनी गेटची नोंदवही जप्त केली होती, चित्रण मागितलं नव्हतं. आरोपी स्वतःच हजर होतो म्हणत असताना त्यांना त्याची गरज वाटली नसावी. अशा कारखान्यांत चित्रण साधारण तीस दिवस राहतं, मग त्यावर नवं चढतं. याचा अर्थ १६ नोव्हेंबर. भेट झाली ती ८ तारीख होती. "त्यानंतर तुम्ही खरं बोललात तरी दाखवायला काही उरणार नाही," त्यांनी सांगितलं. आणि तुमच्या संमतीशिवाय मी यातलं काहीही कोर्टात बोलणार नाही, हेही सांगितलं.

नवशा नको म्हणाला.

या ठिकाणी वकिलाचं काम अवघड असतं. हातात खरी गोष्ट आहे, ती वापरायची नाही. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं की सरळ चित्रण मागवावं, अशिलाचं हित त्यातच आहे. जयवंतींनी अर्ज लिहून काढला, तारखेची जागा मोकळी ठेवून खणात ठेवला, आणि थांबल्या.

नवसी सोमवारपासून रोज येत होती. मनोरहून सकाळच्या एसटीने यायची, कार्यालयाबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची, पाचला परत जायची. जयवंती तिला चहा द्यायच्या, काय खाल्लं विचारायच्या. ती सांगायची, भाकर. त्यापुढे दोघी बोलत नसत. एक नवऱ्याबद्दल बोलू शकत नव्हती कारण मध्ये भाऊ होता, दुसरी अशिलाबद्दल बोलू शकत नव्हती कारण त्याने नको म्हटलं होतं.

बुधवारी, १२ तारखेला, नवसीनेच तोंड उघडलं. म्हणाली, माझा नवरा वाघबारशीला घरी होता, सगळ्या पाड्याने पाहिला, हे न्यायाधीशांना सांगायला पाड्यावरचे वीस माणूस येतील. जयवंतींनी सांगितलं की वीस माणसं आली तरी समोरचा वकील विचारील, पास कोण घेऊन गेलं? त्याचं उत्तर काय देणार?

नवसीने पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला.

"कवापर्यंत सांगायचा?" तिने विचारलं.

"गेटच्या कॅमेऱ्यातलं चित्रण रविवारी पुसलं जाईल. कोर्ट शुक्रवारपर्यंतच."

त्या संध्याकाळी नवसी आपल्या पाड्यावर गेली नाही. चिल्हार फाट्याला उतरून माहेरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने नंतर थोडक्यात सांगितलं. प्रदीप म्हणाला, मी गेलो म्हटलं तर चोरी माझ्यावर येईल. आईने त्याचीच बाजू घेतली. नवसी रडली नाही, भांडलीही नाही. भावाला म्हणाली, "कोंबडा दिला वाघोबाला, नि नवरा दिला जेलाला. आता अजून काय देऊ ते तूच सांग." आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला प्रदीप कार्यालयाच्या दारात उभा होता. पंचविशीतला, नवशापेक्षा डोक्याएवढा बुटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मागे नवसी.

"वकीलबाय, चोर शोधत असाल तर मी नाय," तो म्हणाला. "मी बदली हाय."

जयवंती हसल्या, पण त्याला खुर्चीवर बसू दिलं नाही. मी नवशाची वकील आहे, त्यांनी त्याला दारातच सांगितलं. तुझं आणि त्याचं हित उद्या वेगळं पडू शकतं, म्हणून तू मला आत्ता एक शब्द सांगायचा नाहीस. त्याच इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरच्या एका वेगळ्या वकिलांकडे त्यांनी त्याला स्वतः नेऊन बसवलं. प्रदीपला याचं नवल वाटलं. चोरी न केलेल्या दोन माणसांना दोन वकील. नवसीला तो म्हणाला, "बाय, केली असती तर किती लागले असते?"

तासाभराने त्याच्या वकिलांनी निरोप दिला की तो सांगायला तयार आहे. जयवंतींनी कारागृहात दूरचित्रसंवादाची वेळ मागून घेतली. पडद्यावर नवशा दिसला. नवसी त्याच्यासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "प्रदीप आला हाय." नवशाने मागे पाहिलं, जणू तो तिथेच येऊन उभा असेल. मग त्याने जयवंतींकडे पाहून मान हलवून होकार दिला.

खणातल्या अर्जावर १३ नोव्हेंबर ही तारीख पडली. शुक्रवारी न्यायालयाने चित्रण जतन करून ताब्यात घेण्याचा आदेश दिला, शनिवारी पोलिसांनी ते आणलं. पुसलं जायला एक दिवस बाकी होता.

सोमवारी न्यायालयात ते पाहिलं गेलं. सहा बावन्नला नवशाचा पास दाखवून आत जाणारा माणूस नवशा नव्हता. तीन चौदाला तोच माणूस टेबलापाशी थांबला, रखवालदाराने त्याची पिशवी उलटी केली, तिच्यातून रिकामा डबा आणि टॉवेल निघाला. दोन हात वर करून त्याने झडती दिली आणि पास खिशात टाकून निघून गेला. तपास अधिकाऱ्यांनी स्वतःच सांगितलं की जामिनाला हरकत नाही. जामीन मंजूर झाला. कामकाज सव्वीस मिनिटांत संपलं.

चोर अजून सापडलेला नाही. दुसऱ्याच्या पासवर काम केल्यामुळे आणि करू दिल्यामुळे कंत्राटदाराने नवशा आणि प्रदीप दोघांचीही नावं काढून टाकली. प्रदीपचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला, आरोपी म्हणून नाही. नवशावरची फिर्याद मिटवायची की नाही याचा अहवाल पोलिसांनी अजून द्यायचा आहे. तो येईपर्यंत कागदावर तो आरोपीच आहे.

मंगळवारी, १८ तारखेला, सकाळी नवशा ठाण्याहून सुटला. त्याला आणायला प्रदीप नवसीला घेऊन गेला होता. दुपारी तिघंही पालघरला उतरले आणि कार्यालयात आले. नवशाचा चेहरा उतरला होता, केस बारीक कापले होते. जाळी मध्ये नसताना जयवंतींशी कसं बोलायचं हे त्याला समजेना. त्याने नमस्कार केला आणि उभाच राहिला.

जयवंतींनी विचारलं, "काय खाल्लंत?"

"नाय अजून," तो म्हणाला.

नवसीने पिशवीतून पानात बांधलेलं पुडकं काढलं. करांदे उकडलेले होते, थंड झालेले. तिने आधी एक जयवंतींच्या टेबलावर, फायलींच्या बाजूला ठेवला, मग एक नवऱ्याच्या हातात दिला. प्रदीप म्हणाला की त्याचेही वाघबारशीचे राहिले आहेत. नवसीने त्याला दोन दिले. करांदा थोडा कडू असतो. चौघांनी मिठाशिवाय खाल्ला.

जाताना नवशाने विचारलं की आता वकील लागणार नाही ना. जयवंती म्हणाल्या, लागेल, अहवाल येईपर्यंत. आणि जामिनाची अट त्यांनी नवसीला दोनदा म्हणून दाखवली: दर बुधवारी सकाळी अकरा ते एक या वेळेत पोलीस ठाण्यात हजेरी. नवसीने ती तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवली.

उद्या बुधवार आहे. मनोरहून सकाळची एसटी सव्वानऊला सुटते.