पूजेतला टेस्टर

"लाव रे उलटा हात."

साहेबांचा आवाज कधी चढायचा नाही. पार्ल्याहून यायचे. इस्त्रीचा शर्ट, तोंडात शिवी नाही. मुलुंडच्या त्या कारखान्यात मी वायरमन. आयटीआय पास, पण टेम्पररी. पॅनलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांत करंट आहे की नाही, हे बघायचं काम माझं. कशाने? हाताने. तळहात लावला तर मूठ आवळते, माणूस चिकटतो. म्हणून हाताची मागची बाजू. झटका बसला तर हात मागे उडतो. बहुतेक वेळा.

पहिल्याच दिवशी मी टेस्टर मागितला होता. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मेलेली ढोरं ओढून राठ झालेले हात तुमच्या जातीचे. तुला कशाला टेस्टर?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

टेस्टर नव्हता असं नाही. साहेबांच्या काचेच्या कपाटात होता. पिवळी काठी. करंटजवळ नेली की टोकाला दिवा लागायचा, शिट्टी वाजायची. महागाची वस्तू, म्हणून कुलपात. माझ्याआधी हे काम दगडूमामा करायचे. त्यांची बोटं जळून वाकडी झाली, तेव्हा ती जागा मला मिळाली.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. झेंडूचं तोरण मी बांधलं. पूजा सुरू होताना साहेब म्हणाले, "तू जरा बाहेर थांब." दारातून बघत राहिलो. टेस्टरला हळदकुंकू. टेस्टरला हार.

दुसऱ्या दिवशी एक मशीन बंद पडलं. साहेबांनी स्वतः त्याचा मेन स्विच खाली ओढून बंद केला. "लाव हात. लवकर."

हात उचलेना. बायकोला सातवा महिना. नोकरी गेली तर मेलो, हात गेला तरी मेलो. मग वाटलं, मरायचंच आहे तर यांच्या हुकमाने कशाला?

पूजेपासून कपाट उघडंच होतं. टेस्टरवरचा हार काढला. आधी टेस्टर भिंतीतल्या चालू प्लगजवळ धरला. दिवा लागला, म्हणजे तो ठीक होता. मग पट्टीजवळ नेला.

दिवा लागला. शिट्टी वाजली.

स्विच खाली होता, पण त्याच्या आतलं एक पातं चिकटून राहिलं होतं, करंट चालूच होता. हात लावला असता तर तिथेच कोसळलो असतो.

साहेब म्हणाले, "पूजेतला उचललास?"

एवढंच. मी वाचलो हे त्या माणसाच्या मनातही आलं नाही. मी म्हणालो, "साहेब, आता तुम्ही लावा उलटा हात."

संध्याकाळी गेटवर माझा पास काढून घेतला. बायकोने विचारलं, "आता काय करायचं?" तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो.

त्या महिन्यात चार कारखान्यांच्या गेटवरून परत आलो. सगळीकडे माझा पहिला प्रश्न एकच होता, टेस्टर कुणाच्या हातात असतो? एकजण म्हणाला, "कामाला आलायस की साहेब व्हायला?" घरातले तांदूळ संपत आले होते.

पाचव्या गेटवर उभा राहिलो. आधी तेच विचारलं.